यात्रा चार दिवसांची, गाळा बारमाही

रामनवमीच्या सुमारास वऱ्हाडातली कोरडवाहू शेते मोकळी असतात. सोयाबीन केव्हाच निघालेले असते, तूर आणि हरभरा घरात आलेला असतो, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर रचलेल्या असतात. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याचा गहू किंवा उन्हाळी भुईमूग तेवढा उभा. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला याच दिवसांत बंजारा समाजाची मोठी यात्रा भरते. सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबा देवी यांच्या दर्शनाला महाराष्ट्राबरोबर तेलंगणा, कर्नाटक, आंध्रातूनही माणसे येतात. एवढी माणसे गावच्या घरादारांत मावणे शक्यच नसते. मग शेतात गाड्या लागतात, शेतात राहुट्या पडतात, तीन दगडांच्या चुलीवर शेतातच भोगाचा प्रसाद शिजतो. धुऱ्याच्या कडेने नारळ, बांगड्या, आरसे जडवलेल्या कांचळ्या, खेळणी आणि उसाच्या रसाची दुकाने थाटली जातात. यात्रा उठली की त्याच जमिनीवर वखर फिरतो आणि मृगाचा पाऊस पडला की पुन्हा पेरणी होते.

एवढा मोठा बाजार भरतो आणि उठतो, पण सातबाऱ्यावर त्याची एक ओळही उमटत नाही. जमीन शेतीचीच राहते.

हा मेळ आता बदलायला लागला आहे. ३ डिसेंबर २०१८ रोजी इथे नंगारा भवनाची, म्हणजे बंजारा विरासत संग्रहालयाची पायाभरणी झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये पोहरादेवी आणि शेजारच्या उमरीसाठी सुमारे ५९३ कोटी रुपयांच्या विकासकामांचे भूमिपूजन झाले. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते या चार मजली, तेरा दालनांच्या संग्रहालयाचे उद्घाटन झाले. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला आहे आणि दिग्रसवरून जाणाऱ्या वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेमार्गाचे काम चालू आहे. यात्रेला तिथी असते, संग्रहालयाला नसते. बारमाही पाहुणा यायला लागला की त्याला बारमाही चहा, जेवण, मुक्काम आणि गाडी लावायला जागा लागते. ही दुकाने, हॉटेले, लॉज गावात कुठे व्हावीत, कुठे होऊ नयेत, आणि हे ठरवायचे कुणी, हा प्रश्न पोहरादेवीसारख्या गावापुढे येतो तेव्हा उत्तर देणारे एकच कार्यालय सापडत नाही.

शहराला नकाशा, गावाला रेषा

जमिनीच्या वापराचे पट्टे पाडण्याची पद्धत तशी फार जुनी नाही. जर्मनीतल्या फ्रँकफुर्टने १८९१ मध्ये शहराचे विभाग पाडून कुठे काय आणि किती बांधता येईल याचे नियम केले. न्यू यॉर्कने १९१६ मध्ये सबंध शहरासाठी तसा ठराव केला. मात्र अमेरिकेत या पद्धतीवर शिक्कामोर्तब करणारा खटला न्यू यॉर्कचा नव्हता, तो क्लीव्हलँडजवळच्या युक्लिड नावाच्या गावाचा होता. आपल्या जमिनीवर निवासी पट्टा टाकल्यामुळे तिचे मोल पडले, अशी एका जमीन कंपनीची तक्रार होती. १९२६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती सदरलँड यांनी निकालात दिलेला दाखला आपल्याकडच्या शेतकऱ्यालाही पटावा असा आहे: डुक्कर वाड्यात असले तर ठीक, दिवाणखान्यात शिरले की उपद्रव. म्हणजे वापर मुळात वाईट नसतो, त्याची जागा चुकलेली असते.

आपल्याकडे मुंबई नगररचना अधिनियम १९१५ साली आला. आजच्या महाराष्ट्रात जमिनीच्या वापराचा कारभार ज्या दोन कायद्यांवर चालतो ते दोन्ही १९६६ सालचे आहेत: महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आणि महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. हे कायदे झाले तेव्हा मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, बंजारा समाजातले. त्यांच्याच काळातल्या या दोन कायद्यांच्या मधल्या फटीत आज पोहरादेवीचा प्रश्न अडकलेला आहे.

नगररचना कायदा शहराला नकाशा देतो. महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत यांना विकास योजना करावी लागते. तिच्यात निवासी पट्टा, व्यापारी पट्टा, शेती पट्टा, रस्ते, शाळा आणि बाजारासाठीची आरक्षणे रंगांनी दाखवलेली असतात. प्रारूप प्रसिद्ध झाले की नागरिकांना हरकती-सूचना देण्यासाठी मुदत मिळते, सुनावणी होते आणि मग शासनाची मंजुरी. जागेवर आरक्षण टाकले आणि दहा वर्षांत ती घेतली नाही, तर मालक कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो, आणि पुढच्या २४ महिन्यांत पावले उचलली नाहीत तर आरक्षण सुटते. या सगळ्यात वेळ जातो, राजकारण होते, पण निदान भांडायला एक कागद समोर असतो.

ग्रामपंचायत मात्र या कायद्याखाली नियोजन प्राधिकरण नाही. जिथे प्रादेशिक योजना मंजूर झालेली असते तिथे तिचे पट्टे आणि डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू होते. पण प्रादेशिक योजना सबंध जिल्ह्याच्या मापाची असते. तिच्यात गाव एक ठिपका असते. मंदिराच्या कोणत्या बाजूला दुकाने असावीत आणि कोणती बाजू मोकळी ठेवावी, हे त्या मापात दिसत नाही.

म्हणून गावात नकाशाच्या जागी एक रेषा काम करते. ती गावठाणाची.

गावठाणाच्या आत आणि बाहेर

गावठाण म्हणजे गावातली वस्तीची जागा. महसूल संहितेच्या कलम १२२ खाली तिची हद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याचा. या हद्दीच्या आत घर बांधायचे तर परवानगी ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ५२ खाली ग्रामपंचायत देते. २०२१ साली शासनाने यात आणखी सोय केली: साधारण १,६०० चौरस फुटांपर्यंत कागदपत्रे दाखल करून बांधकाम, आणि ३,२०० चौरस फुटांपर्यंत नगररचना कार्यालयाकडे न जाता ग्रामपंचायतीच्याच पातळीवर परवानगी.

गावठाणात घर आणि दुकान यांत भेद करणारा पट्टा नसतो, आणि तसा तो असूही नये. वऱ्हाडातल्या गावात दुकान बहुधा घराच्या ओसरीत असते. रस्त्याकडची फळी काढली की दुकान उघडले, लावली की घर बंद. गिऱ्हाईक आले की आतून कुणीतरी हात पुसत येते. जगात सगळीकडे घर आणि दुकान वेगळे काढण्याचा सोस आहे असेही नाही. जपानमध्ये सर्वांत कडक निवासी पट्ट्यातसुद्धा घराला जोडलेले छोटे दुकान चालते. अट एवढीच, की दुकानाचा भाग ५० चौरस मीटरपेक्षा मोठा नसावा आणि घराच्या निम्म्याहून कमी असावा. म्हणजे तिथला नियम दुकान आहे की नाही हे विचारत नाही, दुकान केवढे आहे हे विचारतो. पोहरादेवीच्या जुन्या गावासाठी हाच प्रश्न योग्य आहे. ओसरीतले प्रसादाचे दुकान आणि दोन घरे पाडून उभा केलेला तीन मजली लॉज, या दोन्हींना 'व्यापारी वापर' असे एकच नाव दिले की विचार तिथेच खुंटतो.

लॉजचा मुद्दा मापाचा आहे तसा पाण्याचाही आहे. दुकानाला दिवसाला दोन-चार घागरी पुरतात. मुक्कामाच्या खोल्यांना आंघोळ, संडास, चादरी धुणे लागते, आणि ते सगळे सांडपाणी कुठेतरी जावे लागते. आपल्या भागातली काळी जमीन पावसात फुगते आणि पाणी झिरपू देत नाही. अशा मातीत शोषखड्डा लवकर तुंबतो. गटारांची व्यवस्था नसलेल्या गावात लॉज कुठे असावा हे खरे तर विहिरी कुठे आहेत यावरून ठरायला हवे. परवानगीच्या फाइलमध्ये मात्र शेजारच्या विहिरीचा रकाना सहसा नसतो.

गावठाणाच्या बाहेर सगळी जमीन मुळात शेतीची धरली जाते. तिचा दुसरा वापर करायचा तर महसूल संहितेचे कलम ४२ आणि ४४ आडवे येते, ज्याला आपण 'एन.ए. करणे' म्हणतो. परवानगीशिवाय वापर बदलला तर कलम ४५ खाली दंड. गेल्या दहा-बारा वर्षांत शासनाने ही अट टप्प्याटप्प्याने सैल केली. २०१४ मध्ये आलेल्या कलम ४२-अ पासून पुढे त्यामागचा तर्क असा, की जिथे विकास योजनेने जमिनीचा वापर आधीच ठरवून दिला आहे तिथे मालकाला महसूल खात्याकडे वेगळे हेलपाटे कशाला? तर्क रास्त आहे. पण तो योजना असलेल्या ठिकाणचा आहे. कलम ४२-ड ने गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीलाही निवासी वापरासाठी सवलत दिली. गावात घरांची टंचाई आहे, तिथे ही सोय हवीच होती. आता पोहरादेवीच्या मंदिराभोवतीचा असा २०० मीटरचा पट्टा डोळ्यांपुढे आणा. यात्रेत पहिल्या राहुट्या आणि पहिल्या गाड्या लागतात त्या गावाला लागूनच. राहण्यासाठी मोकळी केलेली जमीन आणि यात्रेला लागणारी जमीन ही बहुतेक एकच जमीन असते.

तिसरा प्रकार आहे 'ई क्लास' जमिनीचा. वऱ्हाडात गायरानाला आजही हेच नाव आहे. ती सरकारची, गुरांच्या चराईसाठी राखलेली. मोठ्या रस्त्याजवळची ई क्लास जमीन म्हणजे टपरीसाठी सर्वांत सोपी जागा, कारण तिथे अडवणारा मालक उभा नसतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. तेव्हापासून अशी जमीन व्यापारासाठी मोकळी करणे अवघड झाले आहे. ते एका अर्थी बरेच आहे. यात्रेच्या दिवसांत गावाकडे हक्काची मोकळी जागा उरते ती हीच.

आणखी एक गोष्ट पोहरादेवीच्या परिसरात विसरून चालत नाही. भोवताली तांडे आहेत. ज्या तांड्यांना गावठाण मिळालेले नाही तिथल्या घराला गावठाणाच्या आतले कोणतेच फायदे लागू होत नाहीत. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळते, ती गावठाणातल्या घरांना. मिळकत पत्रिका असली की दुकानासाठी बँकेत कर्ज मागता येते. म्हणजे ज्या समाजाच्या श्रद्धेवर हा सगळा बाजार उभा राहणार, त्यातल्याच अनेकांना त्यात कायदेशीर गाळा काढणे सर्वांत कठीण.

रस्त्यालगतचे दोन एकर

आता एक शेत जवळून पाहू. समजा, गावाकडे येणाऱ्या रस्त्याला लागून कुणाचे दोन एकर कोरडवाहू रान आहे. मालकापुढे चार वाटा आहेत.

पहिली, आहे तसेच चालू द्यायचे. खरिपात सोयाबीन-तूर, रामनवमीला गाड्या लावायला आणि दुकानांना जागा देऊन चार पैसे. यात जोखीम पावसाची, पण जमीन हातची जात नाही.

दुसरी, रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या चार टपऱ्या टाकून भाड्याने द्यायच्या. कागदावर काही बदललेले नसते. इथे संबंध येतो सार्वजनिक बांधकाम विभागाचा. रस्त्याच्या मध्यापासून किती अंतरापर्यंत बांधकाम करायचे नाही, हे रस्त्याच्या दर्जाप्रमाणे ठरलेले असते. एक इमारत रेषा असते, तिच्यापलीकडे नियंत्रण रेषा असते. पुढे रस्ता रुंद करता यावा, पाणी वाहून जायला जागा राहावी आणि रस्त्यावर थेट उघडणाऱ्या दुकानांमुळे अपघात होऊ नयेत, यासाठी हे नियम आहेत. टपरीला पाया नसतो म्हणून ती या रेषेच्या आत सहज घुसते. मग पत्र्याच्या जागी विटा येतात, वर स्लॅब पडतो. एक दिवस रस्ता रुंदीकरणाची नोटीस येते, आणि दहा वर्षे जम बसवलेल्या माणसाला नुकसानभरपाई मागायला हातात कागदच नसतो.

तिसरी वाट, रीतसर अकृषक परवानगी काढून गाळ्यांचे संकुल बांधायचे. महसूल खाते जमिनीचा भोगवटा, थकबाकी, पोचरस्ता पाहते. नगररचना खाते नकाशा तपासते: समासातली जागा, वाहनतळ, रस्त्याची रुंदी. राज्याच्या नियमावलीचे तत्त्व असे आहे, की रस्ता जितका रुंद तितक्या अधिक वापरांना मुभा. यात वेळ आणि पैसा दोन्ही लागतो, म्हणून ही वाट बहुधा बाहेरून भांडवल घेऊन येणाऱ्याची असते.

चौथी, ले-आऊट पाडून प्लॉट विकायचे. रीतसर ले-आऊटमध्ये रस्ते आणि मोकळी जागा सोडावी लागते, म्हणून विकायला जमीन कमी उरते. त्यामुळे चुन्याच्या रेषा मारून तुकडे विकण्याचा मोह होतो. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे, त्याला वळसा घालून झालेले असे व्यवहार महाराष्ट्रात जागोजागी आहेत. घेणाऱ्याला प्लॉट मिळतो, पण सातबारा त्याच्या नावाने वेगळा होत नाही आणि बांधकामाची परवानगी अडते. देवस्थानाच्या गावी असे प्लॉट दूरगावचे भाविक श्रद्धेपोटी घेतात. ते तिथे राहायला येत नाहीत, पेरायलाही येत नाहीत. वर्षानुवर्षे काटेरी तारेच्या आत गवत वाढत राहते, आणि यात्रेच्या दिवशी ते शेत गाड्यांनाही मिळत नाही.

रीतसर घेतली तर या चार वाटांत चूक एकही नाही म्हणता येईल. मालकाला पोट आहे. बांधकाम विभाग फक्त रस्ता पाहतो आणि ते त्याचे कामच आहे. महसूल खात्यापुढे एका गटाची फाइल असते, ते तेवढ्याच गटाचा विचार करते. ग्रामपंचायत फार तर ना-हरकत देते. प्रत्येक निर्णय आपापल्या जागी नियमाला धरून असू शकतो. असे वीस-पंचवीस गट झाले की गावाभोवतीचा मोकळा पट्टा संपतो, आणि तो संपवण्याचा निर्णय कोणीच कधी घेतलेला नसतो. नकाशा नसलेल्या गावात जमिनीचा वापर असाच, फाइलमागून फाइल करत ठरतो.

ग्रामपंचायतीचे हिशेब

यात ग्रामपंचायतीचा कल कुणीकडे असतो हे तिच्या जमाखर्चावरून कळते. अधिनियमाच्या कलम १२४ मध्ये तिला इमारतींवर कर बसवता येतो. यात्रेकरूंवर कर, जत्रा-उत्सवांवर कर, दुकान आणि हॉटेल चालवण्यावर कर, बाजार आणि आठवडी बाजाराची फी, हेही त्याच कलमात आहेत. पण शेतीचा आकार भरणाऱ्या मोकळ्या जमिनीवर तिला घरपट्टीसारखा कर लावता येत नाही. म्हणजे शेत मोकळे राहिले तर ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये शून्य, आणि त्यावर दहा गाळे उभे राहिले तर दरसाल दहा नोंदी. यात्रेच्या बाजारफीचे उत्पन्न येते, पण ते मोजक्या दिवसांचे, आणि त्याच दिवसांत पाणी, दिवाबत्ती, सफाईचा खर्चही येतो. साहजिकच बांधकाम म्हणजे प्रगती हे समीकरण पंचायतीच्या वहीतच लिहिलेले असते. सरपंच कोणीही आला तरी ही वही बदलत नाही.

यात्रेत दुकान लावणारा मात्र कुणाच्याच वहीत नसतो. मानोरा, दिग्रस, पुसद, कारंजा अशा ठिकाणांहून तो येतो, चार दिवस धंदा करतो आणि पुढच्या जत्रेला जातो. २०१४ चा पथविक्रेता कायदा अशा विक्रेत्याला काही संरक्षण देतो, पण त्याची सगळी मांडणी शहरे आणि नगरांसाठी आहे. विक्रेत्यांची समिती, विक्रीचे प्रमाणपत्र, विक्रीचे पट्टे यांतले काहीच गावात येत नाही. बारमाही गाळे मंदिराच्या वाटेवर झाले की या फिरत्या दुकानदाराची जागा पहिल्यांदा जाते. गाळ्यासमोर त्याने पाल ठोकले तर गाळेवाला हरकत घेतो, आणि ते समजण्यासारखे आहे, कारण तो वर्षभर भाडे भरतो.

शेगाव आणि पंढरपूरचा धडा

तीर्थक्षेत्रासाठी मोठा निधी येतो तेव्हा लोक म्हणतात, आराखडा मंजूर झाला. तो आराखडा कामांचा असतो: भक्तनिवास, रस्ते, पुतळा, उद्यान, घाट. ग्रामपंचायतही 'आमचं गाव, आमचा विकास' या उपक्रमात २०१५–१६ पासून स्वतःचा वार्षिक आराखडा करते. त्यात वित्त आयोगाचा पैसा कुठे खर्च करायचा ते असते. या दोन्हींत शासनाचा पैसा कुठे जाणार हे कळते, लोकांचा पैसा कुठे जाणार हे कळत नाही. आणि तीर्थक्षेत्राचे रूप शेवटी लोकांच्या पैशानेच ठरते. शासन एक इमारत बांधते, तिच्याभोवती शंभर दुकाने खाजगी उभी राहतात.

शेगावला संत गजानन महाराजांच्या समाधीची शताब्दी २०१० मध्ये झाली. त्या निमित्ताने शहराच्या विकासाची मोठी योजना आली. तिथे नगरपरिषद आहे, म्हणजे नकाशा होता. तरी मंदिराभोवतीचे रस्ते रुंद करणे, दाट वस्ती हलवणे, वाहनतळासाठी जागा काढणे हे सगळे वस्ती भरून गेल्यावर करावे लागले, आणि विषय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. पंढरपुरात मंदिर परिसराच्या प्रस्तावित कॉरिडॉरला तिथल्या रहिवाशांनी आणि व्यापाऱ्यांनी विरोध केला, तो याच कारणाने. पिढ्यान्‌पिढ्या जिथे दुकान चालले ती जागा आता गर्दीला वाट देण्यासाठी हवी आहे. दोन्हीकडे नंतर मोकळी जागा तयार करावी लागली किंवा लागणार आहे. पोहरादेवीत ती अजून आहे. भाव वाढण्याआधी राखलेल्या जमिनीला एक करार पुरतो. भाव वाढल्यावर तीच परत मिळवायची तर भूसंपादन, न्यायालय आणि घरे पाडणे, या तिन्हींतून जावे लागते.

यावर एक उपाय नेहमी सुचवला जातो: गावाला नगरपंचायत करा किंवा नगररचना कायद्याच्या कलम ४० खाली विशेष नियोजन प्राधिकरण नेमा. नकाशा मिळेल, हे खरे. पण नगरपंचायतीसाठी लोकसंख्या आणि बिगरशेती रोजगाराच्या अटी आहेत. विशेष प्राधिकरणात निर्णय गावाच्या हातून बाहेर जातो, आणि नकाशावरच्या आरक्षणात शेतकऱ्याची जमीन वर्षानुवर्षे अडकून पडू शकते. नकाशाचा रंग शेवटी कुणाच्या तरी सातबाऱ्यावर चढतो.

तिथीप्रमाणे जमीन

पोहरादेवीसारख्या गावाचे वेगळेपण असे, की तिथे जमिनीचा वापर जागेवरून ठरतो तसा तिथीवरूनही ठरतो. शहरातला पट्टा बारा महिने तोच असतो. इथे एकच शेत आठ महिने पिकाचे, काही दिवस यात्रेचे आणि उरलेले दिवस पडीक असते. हे वेळापत्रक शेतकऱ्यांनी आणि भाविकांनी मिळून, कोणत्याही कायद्याशिवाय बसवलेले आहे. त्याच्या मर्यादाही आहेत. सेवालाल महाराजांची जयंती १५ फेब्रुवारीला, म्हणजे इंग्रजी तारखेने येते. तेव्हा गहू ओंबीवर असतो आणि हरभरा काढणीला आलेला असतो. रामनवमी तिथीने सरकते: २०२४ मध्ये ती १७ एप्रिलला होती, २०२५ मध्ये ६ एप्रिलला. म्हणून फेब्रुवारीच्या गर्दीला चैत्राएवढी मोकळी जमीन मिळत नाही. बारमाही येणाऱ्या पाहुण्यांचा भार तर खरिपातल्या उभ्या पिकाच्या कडेवरच पडणार.

यातून गावाने ठरवायच्या गोष्टी फार नाहीत, तीनच आहेत. पहिली, यात्रेसाठी कोणते गट कायम मोकळे हवेत. त्यांच्या मालकांशी ग्रामपंचायतीने आणि देवस्थानांनी करार करून यात्राकराच्या उत्पन्नातून दरसाल ठरीव मोबदला द्यावा. याला नवा कायदा लागत नाही, आणि शेत मोकळे ठेवणाऱ्याला शून्य मिळण्याचा अन्यायही कमी होतो. दुसरी, रस्त्याच्या दोन्ही बाजूंची इमारत रेषा खांब रोवून जमिनीवर दाखवावी. कागदावरची रेषा टपरीवाल्याला दिसत नाही, खांब दिसतो. तिसरी, बारमाही व्यापारासाठी एक बाजू नक्की करावी आणि तिथे आधी नाली आणि पाणी न्यावे. लॉज आणि मोठ्या हॉटेलांना त्या बाजूखेरीज दुसरीकडे ना-हरकत द्यायची नाही, असा ठराव असावा. ओसरीतल्या दुकानाला मात्र कुठेही मज्जाव नको. तांड्यांच्या गावठाणाचा प्रस्तावही या तीन गोष्टी दाखवणाऱ्या नकाशाला जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला पाहिजे, नाहीतर तिसऱ्या गोष्टीचा लाभ फक्त गावठाणातल्यांना होईल.

ग्रामसभेच्या ठरावाला विकास योजनेचे बळ नसते, हे मान्य. पण अकृषक परवानगीची प्रत्येक फाइल तहसीलमध्ये एकेकटी जाते तेव्हा तिच्यासोबत गावाने मिळून काढलेला एक नकाशा असला, तर अधिकाऱ्याला निदान एका गटापलीकडे पाहता येते. पुढे कधी प्रादेशिक योजना सुधारली किंवा प्राधिकरण आले, तर हरकत नोंदवायला गावाजवळ तयार कागद असतो.

ग्रामसभा प्रथेप्रमाणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरते. रामनवमी कधीही आली तरी १ मेच्या आधीच येते. गाड्या कुठे तुंबल्या, पाणी कुठे कमी पडले, कोणत्या शेताने किती माणसे सामावली, हे सगळे तेव्हा प्रत्येकाला आठवत असते. गटनंबरांचा नकाशा ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे मिळतो. १ मेच्या सभेत तो भिंतीवर लावून यात्रेला लागलेल्या गटांवर खूण करण्याइतके काम पहिल्या वर्षी पुरेसे आहे. ते झाले, तर पुढच्या गाळ्याची ना-हरकत मागायला येणाऱ्याला गाव निदान बोट ठेवून सांगू शकेल, की इथे होईल आणि इथे होणार नाही.